डावरी अक्का आणि माझा ‘ठ’

गेल्या महिन्यात प्रमोदनं पारोळ्याहून माझ्या मोबाइलवर एक फोटो पाठवला. खाली निरोप होता, ‘काका, बोर्ड छापायला चाललाय. तेवढं शुद्धलेखन बघून द्या.’

प्रमोद म्हणजे ‘अक्का छाप बिबडी’वाला प्रमोद. त्यांच्या नव्या शेडच्या दर्शनी भिंतीवर ‘आमच्या लोगोचा प्रवास’ असा मोठा बोर्ड लागणार होता. पहिल्या प्लॅस्टिक पिशवीपासून आजच्या चकचकीत पाकिटापर्यंतची सगळी चित्रं ओळीनं मांडलेली. पहिल्या चित्राखाली मजकूर होता : ‘जळगावचे ज्येष्ठ कलाकार मुरलीधर पेंटर यांनी अक्कांना एकदाच पाहिले आणि आपल्या पारखी नजरेने त्यांचा डावा हात अचूक टिपला.’

मी चष्मा पुसून तीनदा वाचलं. ‘ज्येष्ठ’मधला ष्ठ बरोबर होता. ऱ्हस्व-दीर्घ जागच्या जागी होते. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, फक्त वाक्य खोटं होतं. आणि ते खोटं चाळीसएक वर्षांपूर्वी खुद्द मीच बोललो होतो.

आता हे प्रकरण सांगायचं तर आधी आमचा धंदा थोडा सांगायला हवा. मी, मुरलीधर पेंटर, जळगावात पाट्या रंगवायचो. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, हायवेलगतच्या भिंती, लग्नाच्या मांडवाबाहेरचे कापडी फलक. त्याबरोबर लहानसहान कंपन्यांची चित्रं काढायचो. मी सुरुवात केली तेव्हा त्याला ‘मार्का’ म्हणायचे. मग ‘मोनो’ म्हणायला लागले. मग ‘लोगो’ आला. आता पुण्याची मुलं त्याला ‘ब्रँड आयडेंटिटी’ म्हणतात. नाव बदलत गेलं तसे आमच्या कामाचे भाव वाढले, पण तोवर माझा हात थरथरायला लागला होता.

मार्का कुणासाठी असतो हे बाहेरच्यांना कळत नाही. त्यांना वाटतं, मालकासाठी असतो. मालकालाही तसंच वाटतं. आमच्या जळगावात एक डाळमिलवाले शेठ होते. त्यांना मार्क्यात पद्मालयाचा गणपती हवा होता, त्यातही तिथे डाव्या आणि उजव्या सोंडेचे दोन गणपती आहेत म्हणून दोन्ही हवे होते, शिवाय स्वर्गवासी वडील, ट्रॅक्टर, तुरीचं झाड आणि मागे उगवता सूर्य. आणि हे सगळं रुपयाच्या नाण्याएवढ्या गोलात. मी म्हटलं, “शेठ, सूर्य तरी मावळू द्या.” ऐकेनात. काढून दिलं. पोत्यावर छापल्यावर तो एक काळा ठिपका दिसायला लागला आणि शेतकरी त्या डाळीला ‘डाग छाप’ म्हणायला लागले.

धुळ्याला एक पाण्याच्या पंपाचे व्यापारी होते. त्यांच्या मार्क्यात पंपातून पडणारी धार होती. दर दोन-तीन वर्षांनी यायचे आणि म्हणायचे, “पेंटर, धार जरा जाड करा.” विहिरींचं पाणी जसजसं खाली गेलं, तसतशी त्यांच्या लोगोतली धार जाड होत गेली. शेवटी शेवटी तर पंप दिसेना, नुसता धबधबा. हसू नका, त्या धारेवर त्यांनी बंगला बांधला.

तर मार्का असतो तो गिऱ्हाइकासाठी, आणि त्यातही ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी. वाचता येणारा नाव वाचतो. न वाचणारा चित्र ओळखतो आणि एकदा ओळखलं की त्यातली रेघ इकडची तिकडे झालेली त्याला चालत नाही. हे शहाणपण मला कुठल्या शाळेनं दिलं नाही, अक्कांच्या हातानं दिलं.

सिंधूअक्का पारोळ्याच्या. एका उन्हाळ्यात कापडी पिशवीत बिबड्यांची चवड घेऊन त्या माझ्या दुकानात आल्या. बिबडी म्हणजे काय हे खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगतो. ज्वारी भिजवून, वाटून, तिचा तीळ-जिरं-लसूण घालून घाटा शिजवायचा. तो कढत असतानाच ओल्या कापडावर हातानं थापायचा. शेजारी पाण्याची वाटी हवी, दर थापेला हात बुडवायला, नाही तर तळवा भाजतो. मग बाजेवर उन्हात वाळवायची. बिबडी पातळ होणं हा सगळा हाताचा खेळ आहे. अक्कांची बिबडी एवढी पातळ की मी ती उजेडात धरली तर समोरच्या सायकलवाल्याचं दुकान पलीकडून दिसलं.

“पेंटरभाऊ, पिशवीवर छापाले चित्र पाहिजे,” अक्का म्हणाल्या. “बाई बिबडी थापी राहिनी, असं काढा. पन एक ध्यानमा ठेवा. थापाना हात जेवना पाहिजे.”

जेवना हात म्हणजे आमच्याकडे उजवा हात. माणूस ज्या हातानं जेवतो तो.

मी हसलो. म्हटलं, “अक्का, हे सांगायला पाहिजे का? डाव्या हातानं कुणी बिबडी थापतं का?”

त्यांनी पदर जरा पुढे ओढून घेतला. त्या दुकानात असेपर्यंत त्यांचा डावा हात पदराखालीच होता. हे मला आज आठवतं. त्या दिवशी त्या ‘पारखी नजरे’ला ते दिसलंही नव्हतं.

मी आमच्या सौभाग्यवतींना, शोभाला, पाटावर बसवलं, समोर पोळपाट उलटा घालून त्यावर ओला टॉवेल अंथरला आणि चित्र काढलं. डाव्या हातात वाटी, उजवा हात थापायला उचललेला, चेहरा खाली झुकलेला. खोटं कशाला बोलू, चित्र झकास झालं होतं. मनगटावरच्या बांगड्या खाली घसरल्यात हेसुद्धा मी दाखवलं होतं.

आता छपाई. त्या काळी प्लॅस्टिकच्या पिशवीवर आम्ही स्क्रीननं छापायचो. लाकडी चौकटीवर जाळीदार कापड ताणायचं, त्यावर उजेडानं घट्ट होणारा मसाला लावायचा, मग ट्रेसिंग कागदावर काळ्या शाईनं काढलेलं चित्र त्याला चिकटवून उजेड दाखवायचा. काळ्या जागचा मसाला धुऊन जातो, तिथून शाई उतरते. दोन रंग असले तर दोन चौकटी आणि दोन ट्रेसिंग. अक्कांच्या पिशवीवर लाल अक्षरं आणि तपकिरी चित्र होतं.

ट्रेसिंग कागद दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. अक्षरांचा कागद उलटा लागला तर लगेच कळतं, कारण अक्षरं उलटी वाचता येत नाहीत. चित्राचा कागद उलटा लागला तर कळायला काही मार्ग नाही. म्हणून माझ्या उस्तादांनी पहिल्या दिवशी शिकवलेलं होतं : चित्राच्या कोपऱ्यात एक ‘क’ लिही. ‘क’ सरळ दिसला की कागद सरळ. इतकं सोपं होतं सगळं. पण मला तेव्हा नवं नवं पद्धतशीर काम करायची हौस आली होती. अक्षरांच्या कागदावर मी ‘अ’ लिहिला, अक्षरांचा अ. आणि चित्राच्या, म्हणजे ठशाच्या, कागदावर लिहिला ‘ठ’, ठशाचा ठ.

वाचकहो, एक ‘ठ’ काढून बघा. वर रेघ, मधोमध दांडी, खाली गोल. आता कागद उलटा करून उजेडात धरा. काय दिसतं? ‘ठ’च दिसतो. सगळ्या बाराखडीतून मी नेमकं ते अक्षर निवडलं होतं जे दोन्ही बाजूंनी सारखं दिसतं. ‘ठ’ लिहिणारा तो माणूस स्वतः ‘ढ’ होता, दुसरं काय म्हणणार?

पिशव्या छापून झाल्या, वाळल्या, बांधून ठेवल्या. मला काहीच दिसलं नाही. बाई थापतेय, वाटी आहे, बांगड्या आहेत. दोन दिवसांनी अक्का न्यायला आल्या. गठ्ठ्यातली वरची पिशवी त्यांनी हातात घेतली आणि त्या उभ्याच राहिल्या. पिशवी जवळ नेली, लांब धरली. मग डोळ्यांना पदर लावला. मला वाटलं, रंग आवडला नाही.

“पेंटरभाऊ,” त्या अगदी हळू म्हणाल्या, “तुमले कोनी सांगं?”

“काय सांगितलं, अक्का?”

“मी डावरी शे ते.”

तेव्हा मी पिशवीकडे पाहिलं. बाई डाव्या हातानं थापत होती. वाटी उजव्या हातात होती. एकच गोष्ट बाईंनी बजावून सांगितली होती आणि नेमकी तीच उलटी झाली होती. सगळा गठ्ठा वाया, असं मनात आलं. पण अक्का रागावल्या नव्हत्या. त्या माझ्याकडे असं बघत होत्या, की जणू मी त्यांचं काहीतरी हरवलेलं शोधून आणून दिलंय. आणि त्या नजरेला मी भुललो.

“अक्का,” मी म्हणालो, “आमचा धंदाच नजरेचा आहे.”

बस. एवढंच वाक्य. थाप म्हणून ती लहानच होती.

मग त्या बाकावर बसल्या आणि बोलल्या. लहानपणी आई हातावर चापट मारायची. सासरी आल्यावर तर विचारू नका. उन्हाळ्यात वाळवणं घालायला गल्लीतल्या बाया एकत्र जमायच्या, तेव्हा यांना घाटा ढवळायला द्यायचे, पाणी आणायला सांगायचे, पण थापायला बसू द्यायचे नाहीत. डाव्या हाताचं कोण खाईल? उजव्या हातानं थापायला गेल्या की बिबडी जाड व्हायची आणि सासू हसायची. डाव्या हातानं थापली की गल्लीत तशी बिबडी कुणाची नसायची. म्हणून त्या घराचं दार लावून थापायच्या आणि वाळवताना बाहेर यायच्या. धंदा सुरू केला तोही बंद दाराआड. गिऱ्हाइकाला कळलं तर माल परत येईल, या भीतीनं त्यांनी मला जेवना हात काढायला सांगितलं होतं.

“आते काय करू?” त्यांनी विचारलं.

या वेळी मात्र मी जे बोललो ते खरं बोललो. म्हटलं, “अक्का, बिबडी तुमची आहे. मग हातही तुमचाच असू द्या.”

त्या पिशव्या घेऊन गेल्या. नंतर कळलं, दुसऱ्या दिवशी त्यांनी ओट्यावर बाज टाकली, दार सताड उघडलं आणि सगळ्या गल्लीसमोर डाव्या हातानं थापायला बसल्या. दोन-चार जणींनी नाकं मुरडली. बाकीच्या बघत उभ्या राहिल्या, कारण इतकी पातळ बिबडी होते कशी हे त्यांना पहिल्यांदाच बघायला मिळत होतं.

त्या गेल्यावर मी ट्रेसिंग उजेडात धरलं, तेव्हा ‘ठ’ची गंमत कळली. तो कागद मी फाडला नाही. पत्र्याच्या पेटीत तळाशी ठेवून दिला. का ठेवला, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

यानंतरचा लोगोचा प्रवास बोर्डावर आहेच, पण बोर्डावर नसलेलं तेवढं मी सांगतो.

धंदा वाढला तसं रंगीत पाकीट आलं. ते धुळ्याला नानांच्या प्रेसमध्ये छापलं. नाना जुने, रंगांचे पक्के, माणूस देवभोळा. मी माझं चित्र रंगवून दिलं होतं. नानांनी ते पाहिलं आणि माझ्या भल्यासाठी म्हणून न विचारता फिरवलं. छापलेला माल आला तर अक्का उजव्या हातानं थापतायत! मी धुळ्याला धावलो.

“अरे, खाण्याच्या वस्तूवर डावा हात?” नाना म्हणाले. “तुझी चूक मी सुधारली. आभार मान.”

माझी चूक त्यांनी खरंच सुधारली होती, हे फक्त मला ठाऊक होतं. मी काय बोलणार? ती पाकिटं बाजारात गेली. त्या आठवड्यात प्रमोद साक्रीच्या बाजाराला निघाला होता, मीही बरोबर गेलो. प्रमोद तेव्हा नुकताच आईच्या धंद्यात उतरला होता. डोंगराकडच्या एका म्हातारीनं पाकीट उचललं, उलटसुलट करून पाहिलं आणि ठेवून दिलं.

“काबर ठेवं, आजी?” प्रमोदनं विचारलं. “अक्का छापच शे ना.”

“नही रे भाऊ. आम्हनी डावरी शे. हाई कोन बाई शे, माले नही मालूम.”

त्या दिवशी असं म्हणणारी ती एकटी नव्हती. तेव्हा आम्हाला कळलं, की आमच्या मालाला लोक ‘अक्का छाप’ म्हणतच नव्हते. गावोगाव ‘डावरी द्या’ असंच मागत होते. ज्या हाताला जग हसायचं, तोच आता खऱ्या मालाची खूण झाला होता. नानांना हे सांगितलं तर ते बराच वेळ आपला उजवा हात बघत बसले. पुढची छपाई त्यांनी डाव्या हाताची केली आणि पहिल्या पाकिटाची बिबडी स्वतः तळून खाल्ली.

मग कॉम्प्युटर आला. पाट्यांचा धंदा फ्लेक्सनं खाल्ला आणि आमच्यासारखे लोक घरी बसले. त्याबद्दल फार रडणार नाही, पण एक सांगतो. हायवेला एरंडोलजवळच्या एका भिंतीवर मी अक्का काढली होती, पुरुषभर उंचीची. त्यावर परवा कुणीतरी क्लासची जाहिरात चिकटवली. फ्लेक्सचा कोपरा वाऱ्यानं उडाला की खाली अजून बांगड्या दिसतात. मी बसमधून जाताना त्या बाजूची सीट धरतो.

कॉम्प्युटरच्या काळात प्रमोदनं जळगावातल्या एका मुलीकडून नवा लोगो करून घेतला. अक्का एकदम गोऱ्या झाल्या. दात दिसायला लागले. हात डावाच होता, पण डिझाइन मोकळं दिसावं म्हणून वाटी काढून टाकली होती. प्रमोदनं हौसेनं आईला दाखवलं. अक्का म्हणाल्या, “गोरी करी ते करी, पन पानी कोठे गयं? हात भाजी ना मन्हा!” वाटी परत आली. दात गेले नाहीत. त्याचं अक्कांनाही फार वाईट वाटलं नाही, कारण त्यांचे खरे दात तोवर गेले होते.

इतकी वर्षं मी दर दिवाळीला पारोळ्याला फराळाला जातो. आणि दर दिवाळीला अक्का घरी आलेल्या पाहुण्यांना माझी ओळख करून देतात. “जनमभर बठ्ठासनी माले सांगं, हात झाक. या एकच मानूसनी तो दखा.” सगळ्यांनी झाकायला सांगितलेला हात मी एकट्यानं पाहिला, हे ऐकून पाहुणे माझ्याकडे आदरानं बघतात. मी चिवड्यातले शेंगदाणे शोधत बसतो.

तर तो बोर्ड. तोंडी थाप एक वेळ हवेत विरते. पण आता ती ॲक्रिलिकमध्ये कोरली जाणार होती, दिवा लावून. मी शोभाला बोर्डाचा फोटो दाखवला.

“सांगून टाका,” ती म्हणाली.

“काय सांगून टाका?”

“अहो, पाटावर मीच बसले होते ना? माझा उजवा हात वर होता, हे मला ठाऊक नसेल? चाळीस वर्षं गप्प बसले, कारण तुम्ही तेवढं एकच खोटं धड बोलला होतात.”

मला भीती माझ्या नावाची नव्हती, असं म्हणणार नाही. होती. ज्याच्या सगळ्या भिंती झाकल्या गेल्या त्या माणसाला एवढी एक ओळ उरली होती. पण त्याहून मोठी भीती अक्कांची होती. आपल्याला कुणीतरी एकानं पाहिलं, या आधारावर त्या बाईनं दार उघडलं होतं. आता त्या ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना मी जाऊन सांगायचं, की अक्का, कुणीही पाहिलं नव्हतं, कागद उलटा लागला होता? खरं बोलण्याचा मला आनंद आणि शिक्षा त्यांना, असं व्हायला नको होतं. दोन दिवस मी पेटी उघडली आणि बंद केली. तिसऱ्या दिवशी ट्रेसिंगची गुंडाळी काखेत मारून पारोळ्याची बस धरली.

नव्या शेडमध्ये बैठक चालू होती. पुण्याहून मुग्धा नावाची मुलगी आली होती, हुशार आणि गोड बोलणारी. नवा लोगो तिनं केला होता : एक गोल आणि त्यात हाताचा पंजा. बाई नाही, वाटी नाही, बांगड्या नाहीत.

“मोबाइलवर चित्र नखाएवढं दिसतं, काका,” ती मला म्हणाली. “तेवढ्यात बाई ओळखू येत नाही. हात येतो.”

मला एकदम डाळमिलवाले शेठ आठवले आणि मुलगी बरोबर बोलतेय हे पटलं. माझं चित्र आता उरणार नाही, याची कळ आली. ती आली आणि गेली.

वाद वेगळ्याच गोष्टीवर चालू होता. पंजाचा अंगठा चित्रात उजव्या बाजूला होता. प्रमोद म्हणाला, “हा उजवा हात आहे.” मुग्धा म्हणाली, “डावा आहे.” प्रमोदनं स्वतःचा उजवा हात उभा धरून दाखवला. समोरून अंगठा उजवीकडेच दिसत होता. मुग्धानं डावा हात टेबलावर पालथा टेकवला. अंगठा उजवीकडेच! मग अकाउंटंटनं दोन्ही हात वर केले, पॅकिंगच्या दोन बाया हात उलटेपालटे करून बघायला लागल्या. पाच मिनिटं त्या खोलीत सगळे एकमेकांना हात दाखवत होते. त्यात कुणीतरी विचारलं, “निवडणूक लागली की पाकिटावर कागद चिकटवायचा का?”

अक्का खुर्चीत बसून हे बघत होत्या. त्यांना हसू आवरत नव्हतं.

मला वाटलं, उलट्या-सुलट्याचा विषय निघालाच आहे, तर आता नाही तर कधीच नाही. मी गुंडाळी उघडली.

“अक्का,” मी म्हणालो, “बोर्डावरचं माझं वाक्य काढा. मी तुमचा हात पाहिला नव्हता.”

मी कागद खिडकीच्या उजेडात धरला. बाई उजव्या हातानं थापत होती. मग कागद फिरवला. बाई डाव्या हातानं थापायला लागली. कोपऱ्यातला ‘ठ’ होता तसाच राहिला. मी सगळं सांगितलं. उस्तादांचा ‘क’, माझा ‘ठ’, उलटा लागलेला कागद आणि बाकावरचं ते एक वाक्य. “कुणीच पाहिलं नव्हतं अक्का,” मी म्हणालो. “मीही नाही. मला माफ करा.”

प्रमोद आईकडे बघत होता. अक्कांनी हात पुढे केला, डावा. मी कागद दिला. त्यांनी तो उजेडात धरला, फिरवला, पुन्हा फिरवला. मला आपण आलो हेच चुकलं असं वाटायला लागलं.

“भाऊ,” त्या शेवटी म्हणाल्या, “जेवना हात काढा, असं तुमले कोनी सांगं व्हतं?”

“तुम्ही.”

“मंग पहिली थाप कोनी मारी? मीच ना? मन्ही उलटी, तुम्हनी उलटी. दोन उलट्या मिळीसन सुलट व्हयनं.” आणि त्या तोंडभर हसल्या. “थापा मारी मारीच आपला दोन्हीस्ना संसार व्हयना. मी बिबडीस्ले मारात, तुम्ही माले.”

अख्खी खोली हसली. मी हसत होतो आणि डोळेही पुसत होतो. हसणं ओसरल्यावर अक्का माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, “तुम्ही तवय नही दखा, भाऊ. पन बिबडी तुमनी, मंग हात बी तुमनाच ऱ्हाऊ द्या, असं कोनी सांगं? तो कागद ते बोलना नही ना.”



मग त्यांनी हळद कालवून मागवली. डाव्या तळव्याला लावली आणि मुग्धाच्या कोऱ्या कागदावर एक थाप मारली. करंगळी जरा वाकडी उमटली, वयानं वाकली आहे म्हणून. “हाऊ घ्या,” त्या म्हणाल्या. “आते भांडू नका.” मुग्धानं आपला रेखीव पंजा काढून टाकला आणि तो ठसा घेतला. तोच आता पाकिटावर आहे. अंगठा उजवीकडेच आहे, ज्याला जो हात वाटेल तो वाटो.

गेल्या आठवड्यात प्रमोदनं बोर्डाचा नवा मजकूर पाठवला. पुन्हा तोच निरोप, शुद्धलेखन बघून द्या. माझं ट्रेसिंग काचेत बसवून पहिल्या चित्राच्या जागी बिजागरीवर लावणार होते, फिरवून दोन्हीकडून बघता येईल असं. पारखी नजरेचं वाक्य गेलं होतं. आता लिहिलं होतं : ‘हा शिक्का चुकून उलटा छापला गेला, म्हणून बरोबर आला.’ त्याखाली बारीक अक्षरात ‘मूळ ठसा : मुरलीधर पेंटर’ असं हवं होतं. टाइप करणाऱ्याच्या हातून तिथे एका अक्षराची चूक झाली होती. ‘मूळ ढसा’ असं पडलं होतं.

मी बराच वेळ त्या ‘ढ’कडे बघत बसलो. मग प्रमोदला कळवलं, ‘सगळं बरोबर आहे, छापा.’